डावीकडे एक नजर, उजवीकडे एक नजर : ‘सेव्हन वंडर्स’चा पहिला डाव

रमी किंवा मेंढीकोट खेळून ज्यांचे हात तयार झालेत, त्यांना ‘सेव्हन वंडर्स’मध्ये सुरुवातीलाच एक गोष्ट खटकते. हातातली पानं आपली राहत नाहीत. सात पानं येतात, त्यातलं एक निवडायचं आणि उरलेली सहा शेजाऱ्याच्या हाती द्यायची. त्याच वेळी दुसऱ्या बाजूचा शेजारी त्याची सहा पानं आपल्याला देतो. त्यातलं एक ठेवायचं, पाच पुढे सरकवायची. खेळाचा सगळा कस या सरकवण्यात आहे. आपण काय घेतलं याइतकंच, आपण कोणाला काय जाऊ दिलं यालाही इथे महत्त्व आहे.

फ्रेंच रचनाकार आंत्वान बोझा यांचा हा खेळ बेल्जियमच्या ‘रेपो प्रॉडक्शन’ने २०१० साली काढला. चित्रं मिगेल कोइंब्रा यांची. प्राचीन जगातल्या सात आश्चर्यांपैकी एक घेऊन प्रत्येकाने शहर उभं करायचं आणि शेवटी ज्याचे गुण जास्त तो जिंकतो. जाणत्या खेळाडूंच्या खेळांसाठी जर्मनीत २०११ पासून ‘केनरश्पील देस यारेस’ हा पुरस्कार दिला जातो आणि त्याचा पहिला मानकरी हाच खेळ. २०२० साली नवी आवृत्ती आली. तिच्यात पानं मोठी आणि चिन्हं जास्त स्पष्ट झाली, काही आश्चर्यांचे गुणधर्म बदलले, पण खेळाचा गाभा तोच राहिला. तीन ते सात जण खेळू शकतात, वय दहाच्या पुढे, आणि नियम अंगवळणी पडले की एक डाव अर्ध्या तासात होतो. सात माणसं बसली तरी वेळ फारसा वाढत नाही, कारण सगळे एकाच वेळी खेळतात. आपली पाळी येईपर्यंत कोणाला ताटकळावं लागत नाही.

मराठी घरासाठी आणखी एक सोय आहे. पानांवर नाव सोडलं तर वाचायला काही नाही, सगळं चिन्हांत आहे. त्यामुळे ज्यांना इंग्रजी वाचायची सवय नाही अशा आजी-आजोबांना किंवा मराठी शाळेतल्या मुलांनाही हा खेळ आपल्या भाषेत शिकवता येतो. चिन्हं समजावणारा एक माणूस टेबलावर असला की काम भागतं.

मांडणी

प्रत्येकाला आश्चर्याचा एक बोर्ड मिळतो: गिझाचा पिरॅमिड, बॅबिलॉनच्या झुलत्या बागा, ऑलिम्पियाचा झ्यूस, ऱ्होड्सचा महाकाय पुतळा, अलेक्झांड्रियाचं दीपगृह, इफिससचं आर्टेमिसचं मंदिर किंवा हॅलिकार्नाससची समाधी. बोर्डाला दोन बाजू असतात. जुन्या आवृत्तीत त्यांना ‘ए’ आणि ‘बी’ म्हणतात, नवीत एका बाजूला दिवस आणि दुसऱ्या बाजूला रात्र आहे. पहिल्या डावात सगळ्यांनी ‘ए’ किंवा दिवसाची बाजू वर ठेवावी. प्रत्येक बोर्डावर एका साधनाचं चिन्ह छापलेलं असतं, ते तुमच्या शहराचं जन्मजात उत्पन्न. सुरुवातीला प्रत्येकाला तीन नाणी द्या.

पानांचे तीन गठ्ठे असतात, तीन युगांचे. पाठीवरून ते ओळखता येतात. प्रत्येक पानाच्या खालच्या कडेला ३+, ४+, ५+ असा आकडा असतो. चौघं खेळणार असाल तर ३+ आणि ४+ एवढीच पानं ठेवायची, बाकीची डब्यात. तिसऱ्या युगात जांभळी पानंही आहेत, ती गिल्डची म्हणजे व्यापारी-कारागिरांच्या संघांची. त्यांच्यावर आकडा नसतो. एकूण दहा गिल्डांतून खेळाडूंच्या संख्येपेक्षा दोन जास्त पानं न बघता काढायची. चौघांसाठी सहा. ती तिसऱ्या युगाच्या गठ्ठ्यात मिसळून पिसायची. पडताळा सोपा आहे: प्रत्येक युगात खेळाडू गुणिले सात एवढीच पानं असली पाहिजेत. चौघांसाठी अठ्ठावीस. एखादं पान जास्त किंवा कमी भरलं, तर निवडताना चूक झाली असं समजा.

हे निवडण्याचं काम पाहुणे येण्याआधी करून ठेवा. नव्या माणसांसमोर पंधरा मिनिटं पानं वेगळी करत बसलं की खेळ सुरू होण्याआधीच कंटाळा येतो.

एक फेरी

सगळ्यांनी आपापल्या हातातलं एक पान निवडून समोर उलटं ठेवायचं. सर्वांचं ठरलं की एकदम उघडायचं. निवडलेल्या पानाचं तीनपैकी एक काही करता येतं. ते बांधायचं, म्हणजे त्याची किंमत देऊन शहरात मांडायचं. नाहीतर ते उलटंच बोर्डाखाली सरकवून आश्चर्याचा एक टप्पा उभारायचा. यातलं काहीच जमत नसेल किंवा करायचं नसेल, तर ते टाकून बँकेतून तीन नाणी घ्यायची. टाकलेली पानं उलटी ठेवतात, ती कोणाला दिसत नाहीत.

मग उरलेली पानं पुढे द्यायची. पहिल्या युगात डावीकडे, दुसऱ्या युगात उजवीकडे, तिसऱ्या युगात पुन्हा डावीकडे. नवख्या टेबलावर दुसऱ्या युगात हमखास कोणीतरी सवयीने डावीकडे पानं देतं आणि मग कुठली पानं कोणाची हे सोडवता सोडवता नाकी नऊ येतात. युग सुरू होताना दिशा मोठ्याने सांगा.

हातात दोन पानं उरली की एक खेळायचं आणि दुसरं टाकून द्यायचं. त्या टाकलेल्या पानाची नाणी मिळत नाहीत. म्हणजे एका युगात सहा पानं आणि अख्ख्या डावात अठरा. हा आकडा लक्षात ठेवा. अठरा निर्णयांत शहर उभं करायचं असल्यामुळे प्रत्येक पानाला वजन आहे.

किंमत कशी द्यायची

नवे खेळाडू सगळ्यात जास्त इथे गोंधळतात, म्हणून जरा सावकाश घेऊ.

साधनं सात प्रकारची आहेत. तपकिरी पानांवर कच्चा माल: लाकूड, दगड, माती, खनिज. राखाडी पानांवर तयार माल: काच, पपायरस, कापड. पानाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात त्याची किंमत चिन्हांत छापलेली असते. तिथे काहीच नसेल तर ते पान फुकट.

साधन खर्च होत नाही. तुमच्याकडे दगडाची एक खाण असेल तर प्रत्येक फेरीत तुम्हाला एक दगड मिळतो, शेवटपर्यंत. विहिरीतून कितीही वेळा पाणी काढलं तरी ती आपल्या जागी राहते, तसं. मात्र एका खाणीतून एका फेरीत एकच दगड. तीन दगड लागणार असतील तर दगडाची तीन चिन्हं हवीत. काही तपकिरी पानांवर दोन साधनं तिरक्या रेघेने वेगळी दाखवलेली असतात. त्यातलं एका फेरीत एकच घेता येतं, हे किंवा ते.

साधन कमी पडलं तर डाव्या किंवा उजव्या शेजाऱ्याकडून विकत घ्यायचं. एका साधनाला दोन नाणी, आणि ती बँकेत नाही तर त्या शेजाऱ्याला. शेजारी नाही म्हणू शकत नाही. तुम्ही विकत घेतलं म्हणून त्याचं साधन संपतही नाही, तो स्वतः त्याच फेरीत ते वापरू शकतो आणि त्याचा दुसरा शेजारीही ते घेऊ शकतो. त्याच्या बोर्डावरचं जन्मजात साधनही विकत मिळतं. पिवळ्या पानांवर छापलेली साधनं मात्र विकत मिळत नाहीत, ती फक्त मालकाची. टेबलाच्या पलीकडे बसलेल्या माणसाशी तुमचा काही व्यवहार नाही.

एक उदाहरण बघू. तुम्ही गिझा आहात, डावीकडे ऱ्होड्स, उजवीकडे अलेक्झांड्रिया. दुसऱ्या युगात तुमच्या हाती ‘अ‍ॅक्वेडक्ट’ आलं. निळं पान, पाच गुण, किंमत तीन दगड. गिझाच्या बोर्डावर एक दगड आहे. पहिल्या युगात तुम्ही दगडाची एक खाण बांधलीत, तो दुसरा. तिसरा दगड ऱ्होड्सकडे आहे. दोन नाणी ऱ्होड्सच्या खेळाडूच्या हातावर ठेवली की अ‍ॅक्वेडक्ट तुमचं. आता समजा पहिल्या युगात तुम्ही ‘बाथ्स’ हे पान बांधलं होतं. मग एकही दगड लागत नाही, अ‍ॅक्वेडक्ट फुकट. बाथ्सला लागला होता एक दगड आणि त्या पानाने तीन गुणही दिले होते.

अशा साखळ्या खेळभर आहेत. जुन्या आवृत्तीत पानाच्या तळाशी पुढच्या इमारतीचं नाव छापलेलं असतं, नव्यात छोटं चिन्ह असतं. स्क्रिप्टोरियमवरून लायब्ररी, लायब्ररीवरून युनिव्हर्सिटी अशी तीन युगं ओलांडणारी साखळी लागली की तिसऱ्या युगातलं महागडं पान फुकट पदरात पडतं. म्हणून पहिल्या युगात दोन पानांमध्ये मन अडलं तर ज्याच्यापुढे साखळी आहे ते घ्या.

आणखी तीन लहान नियम. एकाच नावाची इमारत एका शहरात दोनदा बांधता येत नाही. एका फेरीत मिळालेली नाणी त्याच फेरीत वापरता येत नाहीत, मग ती पान टाकून मिळालेली असोत की शेजाऱ्याने दिलेली. आणि शेजाऱ्याने याच फेरीत बांधलेली खाण तुम्हाला पुढच्या फेरीपासूनच उपयोगी पडते.

तपकिरी किती घ्यायची?

पहिल्या डावात बहुतेकांची चूक दोनपैकी एका टोकाला होते. कोणी साधनांची इतकी पानं गोळा करतो की गुण देणाऱ्या इमारतींना अठरातली जागाच उरत नाही. कोणी एकही घेत नाही आणि तिसऱ्या युगात दर फेरीला पान टाकून तीन नाणी घेत बसतो. तपकिरी आणि राखाडी पानं फक्त पहिल्या दोन युगांत येतात, तिसऱ्यात एकही नाही. त्यामुळे साधनांची सोय दुसऱ्या युगाच्या मध्यापर्यंत लागलेली असावी. दुसऱ्या युगातली तपकिरी पानं एका नाण्यात एकाच साधनाची दोन चिन्हं देतात. ती स्वस्त आहेत, निदान एखादं तरी घ्यावं.

माझ्या मते नवख्याने तपकिरी-राखाडी मिळून चार-पाच पानं धरावीत आणि बाकीचं शेजाऱ्यांवर सोडावं. पण आधी त्यांच्याकडे काय आहे ते बघा. डावीकडे दोन लाकडं असतील तर तुम्ही लाकडामागे धावू नका, ते विकत मिळेल. दोन्हीकडे कापड नसेल तर कापडाचं एक पान तुमच्यासाठी सोनं आहे, कारण ते दुसरीकडून मिळण्याचा मार्गच नाही. शिवाय गरजू शेजारी दर फेरीला दोन-दोन नाणी तुमच्याकडे आणून देतील.

‘ईस्ट ट्रेडिंग पोस्ट’ आणि ‘वेस्ट ट्रेडिंग पोस्ट’ ही पिवळी पानं एका बाजूच्या शेजाऱ्याकडचा कच्चा माल दोनऐवजी एका नाण्यात मिळवून देतात. ‘मार्केटप्लेस’ तयार मालासाठी तेच करतं, दोन्ही बाजूंनी. तिन्ही पानं पहिल्या युगात येतात आणि फुकट आहेत. ज्या बाजूचा शेजारी तपकिरी पानं भराभर मांडतोय, त्या बाजूचं पोस्ट मिळालं तर सोडू नका.

लाल: दोनच शेजाऱ्यांशी युद्ध

प्रत्येक युगाच्या शेवटी तुमच्या ढाली डाव्या शेजाऱ्याच्या ढालींशी आणि मग उजव्या शेजाऱ्याच्या ढालींशी ताडून बघायच्या. तुमच्या जास्त असतील तर पहिल्या युगात १, दुसऱ्यात ३, तिसऱ्यात ५ गुण. कमी असतील तर प्रत्येक वेळी फक्त एक गुण वजा. बरोबरी झाली तर काही नाही. ढाली उडून जात नाहीत, त्या साठत जातात. लाल पानांवर पहिल्या युगात एक, दुसऱ्यात दोन आणि तिसऱ्यात तीन ढाली असतात.

सगळी युद्धं जिंकली तर १८ गुण मिळतात, सगळी हरली तर सहा जातात. हे नीट समजून घ्या. हरण्याची शिक्षा किरकोळ आहे. एखादा शेजारी ढालींचा डोंगर रचत असेल तर त्याच्याशी स्पर्धा करण्यात हशील नाही. त्याला जिंकू द्या आणि तुमची पानं दुसरीकडे लावा. खरी लढत होते ती दोघं एक-दोन ढालींच्या अंतरावर असताना. तिसऱ्या युगातली अशी एक ढाल तुमच्या बाजूने ५ गुण आणि समोरच्याचा एक वजा, म्हणजे सहा गुणांचा फरक पाडते. शेवटच्या दोन फेऱ्यांत शेजाऱ्याच्या ढाली मोजल्याशिवाय पान उचलू नका.

हिरवं: गणित आधी समजून घ्या

विज्ञानाची चिन्हं तीन: पाटी, कंपास आणि दातेरी चाक. गुण दोन प्रकारे मिळतात आणि दोन्हींची बेरीज होते. एकाच चिन्हाच्या पानांची संख्या गुणिले तीच संख्या: एकाचा १, दोनाचे ४, तीनाचे ९, चाराचे १६. शिवाय तीन वेगवेगळ्या चिन्हांच्या प्रत्येक संचाला ७.

समजा तुमच्याकडे सहा हिरवी पानं आहेत. प्रत्येकी दोन असतील तर ४+४+४ आणि दोन संचांचे १४, एकूण २६. एकाची चार आणि बाकी दोन्हींचं एकेक असेल तर १६+१+१+७, म्हणजे २५. तीन-दोन-एक अशी विभागणी झाली तर २१. तीन-तीन-शून्य असेल तर फक्त १८. पानं तितकीच, फरक आठ गुणांचा. म्हणून विज्ञानाच्या वाटेला लागलात तर एकतर समतोल ठेवा किंवा एका चिन्हावर जोर देऊन बाकी दोन्हींचं एकेक तरी मिळवा. तिसरं चिन्ह अजिबात नसणं सगळ्यात महागात पडतं.

प्रत्येक चिन्हाची चार-चार वेगळी पानं खेळात आहेत, त्यामुळे पानांतून एका चिन्हाची चारच्या वर मजल जात नाही. एखाद-दुसरं हिरवं पान घेऊन सोडून देणं फुकट जातं, त्यातून एक ते चार गुण मिळतात. घ्यायचंच तर पाच-सहा घ्या, आणि ते पहिल्या युगापासून. हिरव्या पानांना राखाडी साधनं लागतात. पाटी, कंपास आणि चाक यांच्या पहिल्या युगातल्या पानांची किंमत अनुक्रमे पपायरस, कापड आणि काच अशी एकेक आहे. त्यामुळे या वाटेने जाणाऱ्याने राखाडीकडे लक्ष ठेवावं.

आणि तुम्ही विज्ञानाच्या वाटेला गेला नसलात तरी शेजारी गेलाय का ते बघा. त्याच्यासमोर पाच हिरवी पानं मांडलेली असतील आणि तुमच्या हातातून पुढचं हिरवं पान त्याच्याकडे जाणार असेल, तर ते तुमच्या आश्चर्याखाली गाडा.

आश्चर्य कधी बांधायचं

टप्पा उभारताना त्याची किंमत बोर्डावर छापलेली असते. ज्या पानाने टप्पा बांधता त्या पानाच्या किमतीचा संबंध नाही, ते पान फक्त खूण म्हणून खाली जातं. टप्पे डावीकडून उजवीकडे क्रमाने बांधायचे. नवखे लोक आश्चर्याला हातच लावत नाहीत, किंवा त्याच्यासाठी चांगली चांगली पानं बोर्डाखाली घालतात. दोन्ही टाळा. टप्प्यासाठी योग्य पान म्हणजे तुम्हाला नको असलेलं आणि पुढच्या माणसाला हवं असलेलं. एका दगडात दोन पक्षी मारण्याची ही खेळातली हक्काची जागा.

पहिल्या डावासाठी गिझा उत्तम. तिथे काही विशेष शक्ती नाही, तीन टप्प्यांचे ३, ५ आणि ७ गुण, सरळ हिशेब. घरातल्या सगळ्यात नवख्या माणसाला तो बोर्ड द्या. ऱ्होड्सला ढाली मिळतात, इफिससला नाणी, बॅबिलॉनला विज्ञानाचं एक हवं ते चिन्ह. हॅलिकार्नासस टाकलेल्या पानांतून एक पान फुकट बांधू देतं. त्या बोर्डावर बसणाऱ्याने कोणती पानं खेळात आहेत हे थोडंफार ओळखलेलं असावं, म्हणून तो दुसऱ्या-तिसऱ्या डावासाठी ठेवावा.

निळं, पिवळं, जांभळं

निळ्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही: पानावर छापलेले गुण तेवढे मिळतात. तिसऱ्या युगातला ‘पॅलेस’ ८ गुण देतो, पण सातही साधनं एकेक मागतो. पिवळ्यांमधलं ‘कॅराव्हानसेराय’ दर फेरीला चारपैकी हवा तो एक कच्चा माल देतं आणि ‘फोरम’ तीनपैकी एक तयार माल. दुसऱ्या युगात यांच्याकडे दुर्लक्ष करू नका, विशेषतः त्यांच्या साखळ्या पहिल्या युगातल्या बाजाराच्या पानांवरून येत असल्यामुळे ती अनेकदा फुकट मिळतात.

जांभळ्या गिल्डांमध्ये मात्र हा खेळ पुन्हा शेजारावर येतो. ‘वर्कर्स गिल्ड’ शेजाऱ्यांच्या प्रत्येक तपकिरी पानामागे तुम्हाला एक गुण देतं, ‘स्पाइज गिल्ड’ त्यांच्या प्रत्येक लाल पानामागे एक, ‘क्राफ्ट्समेन्स गिल्ड’ त्यांच्या प्रत्येक राखाडी पानामागे दोन. दोन्ही शेजाऱ्यांनी मिळून आठ तपकिरी पानं मांडली असतील तर वर्कर्स गिल्ड पॅलेसच्या बरोबरीचं होतं. तेच पान पलीकडच्या खेळाडूला दोनच गुणांचं असू शकतं. गिल्ड हाती आलं की आधी मोजा आणि मग ठरवा.

तीन जण आणि सात जण

माणसं किती यावरून खेळ बराच बदलतो, आणि नियमपुस्तक वाचून हे लक्षात येत नाही. तिघं असतील तर पहिल्या फेरीत पाहिलेली सात पानं चौथ्या फेरीत तुमच्याकडे परत येतात, त्यातली तीन गेलेली असतात. म्हणजे दोन चांगल्या पानांपैकी एक आत्ता घेऊन दुसरं परत येईल का, असा डाव टाकता येतो. तिघांमध्ये सगळेच एकमेकांचे शेजारी असल्यामुळे कोणी नजरेआडही राहत नाही. चौघांत पहिला हात पाचव्या फेरीला परत येतो. सात जणांत एकदा गेलेला हात पुन्हा दिसत नाही, तिथे हवं ते तिथल्या तिथे घ्यावं लागतं. टेबलाच्या त्या टोकाला कोण काय करतंय हे बघण्यातही फारसा अर्थ नाही. शिकण्यासाठी चार किंवा पाच माणसं सगळ्यात चांगली.

गुण मोजणं

डब्यात गुणांचं कोष्टक असतं. क्रम असा: युद्धाचे गुण, मग दर तीन नाण्यांना एक, मग आश्चर्याचे टप्पे, निळी, पिवळी, जांभळी आणि शेवटी हिरवी. बरोबरी झाली तर ज्याच्याकडे नाणी जास्त तो जिंकतो. हिरव्याचे गुण एकाने मोजावे आणि दुसऱ्याने तपासावे, वर्ग आणि संच यांत एक जण नेहमी काहीतरी विसरतो. पहिल्या डावात चाळीसच्या पुढे गेलात तर ठीक चाललंय असं समजा.

शिकवणाऱ्यासाठी एक सूचना. सगळे नियम आधी सांगू नका. साधनं, शेजाऱ्याकडून खरेदी आणि पान टाकून नाणी एवढं सांगून पहिलं युग सुरू करा. युद्धाचा नियम पहिल्या युगाच्या अर्ध्यावर, विज्ञानाचा हिशेब कोणी पहिलं हिरवं पान उचलेल तेव्हा, आणि गिल्ड तिसऱ्या युगाआधी. दर फेरीला पान उघडल्यावर ज्याने काही विकत घेतलं त्याने कोणाकडून आणि कितीला ते मोठ्याने बोलावं. एवढ्या एका सवयीने नवख्यांना शेजाऱ्यांच्या शहराकडे बघण्याची आपोआप सवय लागते.

दोघंच असाल तर या डब्याऐवजी ‘सेव्हन वंडर्स ड्यूएल’ घ्या. बोझा यांनी ब्रूनो काताला यांच्यासोबत २०१५ साली तो खास दोघांसाठी केला. तिथे पानं हातात न फिरता टेबलावर रचलेली असतात आणि युद्धात किंवा विज्ञानात पूर्ण मात केली तर डाव मध्येच संपतो. डबा विकत घेण्याआधी खेळ आवडतो का ते पाहायचं असेल तर ‘बोर्ड गेम अरीना’ या संकेतस्थळावर मूळ खेळ आहे. साधनांचा आणि नाण्यांचा हिशेब तिथे यंत्रच करतं. पण खरेदी स्वतः मोजायची सवय लागावी म्हणून निदान एक डाव टेबलावर बसून खेळावा असं मी आग्रहाने सांगेन. पुण्या-मुंबईतल्या बोर्ड गेम कॅफेंत चौकशी केलीत तर डबा हाताळायलाही मिळू शकतो.

‘लीडर्स’, ‘सिटीज’ असे जोडखेळही आहेत. ‘लीडर्स’मध्ये प्रत्येक युगाआधी एक ऐतिहासिक व्यक्ती शहरात आणता येते, ‘सिटीज’मध्ये काळी पानं येतात. यातलं काहीही मूळ पानं ओळखीची होईपर्यंत आणू नका. सातही बोर्ड निदान एकदा कोणाच्या तरी समोर येऊन गेले, ‘बी’ किंवा रात्रीची बाजू वापरून झाली, आणि तिसऱ्या युगात कोणती पानं येणार हे टेबलावरच्या माणसांना साधारण माहीत झालं, की मग ‘लीडर्स’पासून सुरुवात करा.